दोन दारांच्या शाळेतला सामना

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येरवड्यातली आमची शाळा उघडली त्या दिवशी सातवीच्या वर्गाने मला हजेरीसुद्धा घेऊ दिली नाही. बॉस्निया नकाशात कुठे, तिथे बर्फ पडतो का, हे सगळं त्यांना मागाहून हवं होतं. आधी एकच प्रश्न: जिंकलात का मॅडम? जिंकलो, असं मी सांगितलं आणि पोरांनी बाकं बडवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कुणाविरुद्ध जिंकलो आणि कुणाच्या ओरडण्यावर मात करून जिंकलो, हे तासाभराच्या तासिकेत बसेना. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही म्हणजे पुण्याचा महिलांचा सिटिंग व्हॉलीबॉल संघ. हा खेळ जमिनीवर बसून खेळतात. जाळी खाली, मैदान लहान, आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचललं की गुण समोरच्यांना. स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी आमचा सराव चालतो. आत येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्यांदा दिसतात ते भिंतीला टेकून ओळीने उभे केलेले कृत्रिम पाय. त्यातला एक माझा. डावा पाय गुडघ्याखाली एका टेम्पोने नेला, त्याला आता बरीच वर्षं झाली.

कर्णधार मृणालताई. सदाशिव पेठेत गणिताचे क्लास घेतात. हाडाच्या दुखण्यात कॉलेजात असतानाच त्यांचा पाय काढावा लागला होता. मारणारी मुख्य खेळाडू रुबिना, कोंढव्याची, आयटीत काम करते आणि बोलते त्यात निम्मं इंग्रजी असतं. बाकीच्या चौघींनी मला माफ करावं. सगळ्यांचं सगळं लिहीत बसले तर विमान सुटायचं नाही.

बॉस्नियात युद्धात गोळ्यांनी आणि त्यानंतरही पेरलेल्या सुरुंगांनी इतक्या लोकांचे पाय नेले, की हा खेळ तिथे घराघरात पोचला. त्या देशातले संघ जगात नावाजलेले आहेत. तिथल्या एका लहान शहरातल्या अझ्रा नावाच्या खेळाडूने आमच्या सामन्याची चित्रफीत पाहिली आणि रुबिनाला निरोप धाडला: आमच्याकडे या, खेळू. वर्षभर निरोपानिरोपी झाली आणि मे महिन्यात आम्ही खरंच निघालो.

सारायेवो

विमानतळावर आमची सुरुवात भाजणीने झाली. मृणालताई शुद्ध शाकाहारी. परदेशात उपाशी मरण्याची तयारी नसल्यामुळे त्यांनी थालिपिठाच्या भाजणीचा भला मोठा डबा आणला होता. कस्टमच्या अधिकाऱ्याने तो उघडला, वास घेतला, दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही घेतला. मग दोघंही मृणालताईंकडे बघायला लागले.

"पीठ आहे," मृणालताई शांतपणे मराठीत म्हणाल्या. "थांबत असाल तर लावून देते दोन."

रुबिनाने याचं इंग्रजीत भाषांतर करताना शब्द जरा सौम्य केले असावेत. डबा सुटला.

बाहेर अझ्रा उभी होती आणि तिच्यासोबत इवाना. दोघी चाळिशीच्या आसपासच्या, दोघींचा एकेक पाय आमच्यासारखाच. अझ्रा उंच, मोठ्याने हसणारी. इवाना बारीक, सोनेरी केसांची, बोलण्याआधी विचार करणारी. दोघींना इंग्रजी येत होतं, त्यामुळे पुढचे सगळे दिवस आमचं बोलणं त्यांच्या, माझ्या आणि रुबिनाच्या इंग्रजीतून वाट काढत होत राहिलं.

शहरात शिरण्याआधी कॉफी झालीच पाहिजे, असा तिथला नियम दिसला. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, सोबत गुलाबी वडीचा तुकडा. अझ्राने 'काहवा' मागवली आणि इवानाने 'कावा'. वेटरने दोघींपुढे एकच कॉफी ठेवली. मी विचारलं, फरक काय? अझ्रा म्हणाली, चवीत काही नाही. पण काहवा म्हटलं की समजायचं, ही बोस्नियाक, म्हणजे मुसलमान घरातली. कावा म्हटलं की क्रोएट, म्हणजे कॅथलिक. सर्ब लोकांचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा, शब्द आणखी तिसरा. भाषा एकच, तिघांना एकमेकांचं सगळं कळतं, पण तिची नावं तीन.

"मी कपाकडे बोट दाखवत जाईन," मृणालताई म्हणाल्या.

हे तिन्ही लोक शेकडो वर्षं एकाच डोंगरदऱ्यांत राहिलेले. दिसायला सारखे, खायला सारखे, गाणीही बहुतेक तीच. मागच्या शतकाच्या शेवटी जुना देश फुटला आणि प्रत्येकाला सांगण्यात आलं, की तुझं राष्ट्र वेगळं आहे आणि शेजारी तुझ्या जागेवर बसला आहे. मग जे झालं त्याच्या खुणा सारायेवोच्या भिंतींवर अजून आहेत. नव्या रंगाखालूनही गोळ्यांचे खड्डे दिसतात, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

तिथे माणूस नाव सांगतो आणि समोरच्याला तो कोणता ते कळतं. अझ्राने हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आम्हाला नवल वाटेल. मी तिला सांगितलं, की पुण्यात भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक पहिलं आडनाव विचारतात, आणि माझं आडनाव ऐकून जागा कालच गेल्याचं त्यांना अचानक आठवतं. रुबिनाला तर आडनावापर्यंतही जावं लागत नाही.  हे ऐकून इवानाने तिच्या कपाशेजारची गुलाबी वडी माझ्या बशीत ठेवली.

त्यांच्या शहरात

त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. तशी त्यांनी विनंती केली आहे. सारायेवोहून गाडीने डोंगर ओलांडून जायचं. मे महिन्यात सगळं इतकं हिरवं होतं, की सह्याद्री श्रावणातच काय तो बरोबरी करेल. वरच्या शिखरांवर मात्र बर्फ. उतारांवर प्लमच्या बागा, कडेने वाहणारी हिरवट नदी, आणि प्रत्येक गावाबाहेर दोन दफनभूमी: एकीत उभे पांढरे दगड, दुसरीत काळे क्रूस. मी दगडांवरची सालं वाचायचा प्रयत्न केला. बहुतेक एकाच दोन-तीन वर्षांतली होती. थोड्या वेळाने मी वाचायचं बंद केलं.

गाडीतच त्या दोघींची हकिगत कळली. त्या शहरात बोस्नियाक आणि क्रोएट यांच्यातच युद्ध झालं होतं. अझ्राचे वडील एका बाजूने लढले, इवानाचा थोरला भाऊ दुसऱ्या बाजूने, आणि तो परत आला नाही. युद्ध संपल्यावर, दोघी शाळकरी असताना, काही महिन्यांच्या अंतराने सुरुंगाने दोघींचे पाय गेले. एकीचा शेतात, दुसरीचा नदीकाठी. इस्पितळात दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. पहिले आठ दिवस एकमेकींकडे पाठ करून झोपलो, असं अझ्रा म्हणाली. नवव्या दिवशी इवानाने तिला विचारलं, तुझाही नसलेला पाय खाजतो का?

तिथून पुढे दोघी एकत्र खेळत आल्या. पण दुसऱ्या शहरांच्या हॉलमध्ये. स्वतःच्या शहरात त्यांचा हा मिश्र संघ कधीच खेळला नव्हता. कारण चांगल्या लाकडी जमिनीचा हॉल तिथे एकच आणि तो शाळेचा.

ती शाळा मी दुसऱ्या दिवशी पाहिली. इमारत एक, छप्पर एक. पुढच्या दाराने क्रोएट मुलं आत जातात, मागच्या दाराने बोस्नियाक. वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, मुख्याध्यापक दोन, पुस्तकं दोन. मधल्या जिन्यावर कुलूप लावलेलं जाळीचं दार. व्यायामाचा हॉल सकाळी एका शाळेचा, दुपारी दुसरीचा.

मी इतिहास शिकवते, म्हणून इतिहासाची पुस्तकं बघायला मागितली. विषयाचं नावच दोन प्रकारचं निघालं: पुढच्या दारी 'पोव्हिएस्त', मागच्या दारी 'हिस्तोरिया'. अझ्रा आणि इवाना माझ्या दोन बाजूंना बसून आपापल्या पुस्तकातला एकाच काळाचा धडा वाचून दाखवत होत्या. एका पुस्तकात ज्याचं चित्र पानभर, तो दुसऱ्यात चार ओळींत गुन्हेगार. थोड्या वेळाने दोघी वाचता वाचता थांबल्या आणि एकमेकींची पुस्तकं बदलून स्वतःशीच वाचायला लागल्या. शेजारी राहून एवढ्या वर्षांत दुसरीचं पुस्तक कुणी हातात घेतलं नव्हतं.

आमचा सामना त्याच हॉलमध्ये ठरला होता. हॉलची किल्ली पुढच्या दाराच्या शाळेकडे, आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी होकार दिला होता. भारतातून संघ येतोय म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. पण सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी, अझ्राच्या स्वयंपाकघरात मृणालताई थालिपीठ थापत असताना, इवानाचा फोन वाजला. मुख्याध्यापकांनी परवानगी मागे घेतली होती. काही पालकांनी हरकत घेतली, सगळी मुलं एकाच वेळी एका हॉलमध्ये नकोत म्हणून.

अझ्राने गॅस बंद केला. हे होणार हे मला माहीतच होतं, असं म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. एरवी सतत हसणाऱ्या त्या बाईची पाठ बघून आम्हाला काय करावं कळेना. तिने वर्षभर या एका दिवसाची वाट पाहिली होती.

"चला, पाय घाला," मृणालताई हात धुवत म्हणाल्या. "भेटून येऊ या त्यांना."

मुख्याध्यापक साठीच्या जवळ आलेले, जाड चष्म्याचे, थकलेले गृहस्थ होते. आम्हाला त्यांनी अदबीने बसवलं, कॉफी मागवली. त्यांचं म्हणणं असं, की ते कुणाचा द्वेष करत नाहीत. मुलं वेगळी ठेवली म्हणून इतकी वर्षं एकही भांडण झालेलं नाही. शांतता टिकवायची तर हेच बरं.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगितलं. त्यांच्या गावात पाणवठे दोन होते, आमच्या लोकांचा वेगळा, खालच्या अंगाचा. गावातले मोठे लोकही हेच म्हणत: वेगळं आहे म्हणून गावात शांतता आहे. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गाव सोडलं आणि पुण्याला आले.

"शांतता होती, सर," मी म्हणाले. "पण ती आमच्या आजोबांना कधी कुणी विचारून ठरवली नव्हती. तुम्ही मुलांना विचारलंय का?"

इवानाने भाषांतर केलं आणि मग स्वतःचं एक वाक्य जोडलं. तिने नंतर मला सांगितलं, ती म्हणाली होती, की आमची गोष्ट यांच्यासारखी नाही. इथे दोन्ही बाजूंना मेलेली माणसं आहेत, माझ्याही घरात आहे, आणि तरीही मी विचारते. तिचं म्हणणं बरोबर होतं. दोन दुःखं एका मापाची नसतात. पण दार दारच असतं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मन वळलं नाही, पण वाकलं थोडं. त्यांनी तोडगा काढला: सामना होऊ द्या. पहिला सेट पुढच्या दाराची मुलं बघतील. मग ती बाहेर जातील, आणि दुसरा सेट मागच्या दाराची मुलं येऊन बघतील.

अझ्रा उठायलाच निघाली होती. मृणालताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"मान्य आहे म्हणावं," त्या मला म्हणाल्या. "दोन सेटच्या मध्ये विश्रांती किती द्यायची ते मी ठरवते."

हॉल

सामना तीनपैकी दोन सेटचा; तिसरा लागला तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. सकाळी आम्ही भिंतीशी पाय काढून ठेवले, त्यांनी त्यांचे शेजारीच ठेवले, आणि हॉल पुढच्या दाराच्या मुलांनी भरला. पहिल्या सेटमध्ये आमची पार धूळधाण झाली. इवानाची सर्व्हिस दिसायच्या आत जमिनीवर असे. अझ्राचे हात इतके लांब, की रुबिनाने मारलेला चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत येई. मुलं आपल्या संघासाठी ओरडत होती, पण नीट ऐकलं तर नाव एकच येत होतं: इवाना.

सेट संपला. शिक्षकांनी मुलांना उठायची खूण केली, मागचं दार उघडलं आणि दुसरी मुलं आत यायला लागली. नेहमी अशा वेळी आपण पाणी पितो, पट्ट्या घट्ट करतो. मृणालताईंनी बाजू बदलल्या बदलल्या, विश्रांती नको म्हणत पंचांना शिट्टी वाजवायला लावून, सर्व्हिस करून टाकली.

तो पहिलाच गुण लांबला. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुणी सोडेना. रुबिना पालथी पडून एका हाताने चेंडू उचलते आहे, अझ्रा सरपटत मागे जाऊन परत पाठवते आहे. दाराकडे निघालेली मुलं थांबली आणि वळून बघायला लागली. आत येणाऱ्यांना पुढचं दिसेना म्हणून तीही पुढे सरकली. जागा नव्हती, तेव्हा जो जिथे होता तिथे जमिनीवर बसला. शिक्षक दोन्ही बाजूंनी हाका मारत होते, पण कोण कुणाचं हेच आता लांबून ओळखू येत नव्हतं.

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते पुढच्या दारात किल्ली घेऊन उभे होते. एक शिक्षिका त्यांच्या कानाशी लागून काही सांगत होती, आणि त्यांचं लक्ष चेंडूकडे होतं. थोड्या वेळाने तेही एका बाकाच्या टोकाला टेकले.

तो सेट आम्ही जेमतेम घेतला. सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये समोरची सर्व्हिस जाळीवरच अडवता येते. इवानाचा खांदा कसा वळतो हे मी पहिल्या सेटभर बघून ठेवलं होतं. शेवटी शेवटी तिच्या दोन सर्व्हिस मी तशा परतवल्या. दुसऱ्या वेळी तिने जाळीखालून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

तिसऱ्या सेटमध्ये हॉलचा आवाज बदलला. आधी एका कोपऱ्यातून इवाना, दुसऱ्यातून अझ्रा, अशी चढाओढ लागली होती. मग आम्ही आघाडी घेतली आणि मुलांना कळलं, की आपण हरतोय. 'आपण' हा शब्द त्या हॉलमध्ये बहुधा पहिल्यांदाच सगळ्यांसाठी एक झाला. अझ्रा-इवाना, अझ्रा-इवाना, असं एका ठेक्यात, पाय आपटत, अख्खी शाळा आमच्याविरुद्ध ओरडायला लागली. आमचा गुण झाला की सगळे मिळून हुर्यो करत. इतक्या आनंदाने कुणाच्या शिव्या मी कधी खाल्ल्या नाहीत.

बरोबरी झाली. मग त्यांची आघाडी. मग पुन्हा बरोबरी. शेवटच्या गुणाला रुबिनाने पाय नसलेली बाजू जमिनीवर रोवून मारायचा पवित्रा घेतला, अझ्रा आणि इवाना दोघी तिच्यासमोर हात उंचावून सरसावल्या. मृणालताईंनी चेंडू रुबिनाकडे द्यायचा होता. त्यांनी तो दिला नाही. दोन बोटांनी, क्लासमध्ये फळ्यावर पूर्णविराम द्यावा तसा, जाळीपलीकडे रिकाम्या जागेत ठेवून दिला.

 रुबिना किंचाळत मृणालताईंवर पडली, मी त्या दोघींवर, आणि बाकीच्या चौघी आमच्यावर. आम्ही जिंकलो होतो, त्या खेळाच्या माहेरघरात. मी रडत होते आणि लपवत नव्हते. जाळीखालून अझ्रा सरपटत आली आणि मला मिठी मारून तीही रडायला लागली. हरल्याचं रडणं ते नव्हतं. ती मुलांकडे बघत होती. मुलं पंच चुकला यावर एकमेकांशी तावातावाने सहमत होत होती.

बाहेर पडताना जवळचं दार कुणालाही चाललं. पुढून आलेली मुलं मागून गेली आणि मागून आलेली पुढून. मुख्याध्यापक किल्ली हातात घेऊन शेवटपर्यंत थांबले. आम्ही निघताना त्यांनी मृणालताईंशी हात मिळवला आणि काहीतरी बोलले. इवाना हसली. ते म्हणाले होते, की विश्रांती न देणं हे नियमात बसत नाही.

"बसत नाही," मृणालताई म्हणाल्या. "त्यांना सांग, मलाही माहीत आहे."

संध्याकाळी अझ्राच्या अंगणात थालिपिठं झाली. तिथल्या लाल मिरचीच्या आयवार चटणीबरोबर ती इतकी छान लागली, की इवानाच्या आईने कृती उतरवून घेतली. ती अझ्राच्या घरी पहिल्यांदाच आली होती. मुलाचा फोटो पर्समध्ये घेऊन आली होती आणि तो तिने अझ्राच्या वडिलांना दाखवला. ते दोघं बराच वेळ बाकावर शेजारी बसले होते. काय बोलले, हे मी कुणाला विचारलं नाही.

पुणे

परत आल्यावर रविवारी सराव सुरू झाला. मागच्या आठवड्यात, सराव संपवून आम्ही पाय चढवत असताना, अझ्राचा व्हिडिओ कॉल आला. मागे तोच हॉल, आणि जमिनीवर बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली, सगळ्या धडधाकट पायांच्या, जाळीभोवती गलका करत. दोन्ही शाळांतून मिळून हा संघ झाला आहे. शनिवारचा हॉल मुख्याध्यापकांनी दोन्हींपैकी कुठल्याच शाळेच्या नव्हे, तर या संघाच्या नावाने दिला आहे. पालकांपैकी काही अजून नाराज आहेत. काही बाकांवर येऊन बसतात.

संघाला नाव द्यायचं ठरलं तेव्हा मात्र भांडण झालं. संताचं नाव सुचवलं, तो एकाच धर्माचा. वीराचं सुचवलं, तो दुसऱ्या पुस्तकातला खलनायक. डोंगराच्या नावावरही दोन मतं निघाली. शेवटी एका मुलीने एक नाव काढलं, ज्यावर त्या शहरात कुणाचाच हक्क नव्हता आणि कुणाचाच राग नव्हता.

अझ्राने फोन फिरवला. मुलींच्या पाठीवर, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: पुणे.

मृणालताईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

"स्पेलिंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन हातात घेऊन ते पुन्हा एकदा वाचलं.